जाहिरात, निर्मिती आणि समाजमाध्यमे : काही चिंतन

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





या विषयावर बोलण्यासाठी संस्थेने आमची निवड केली याचे प्रथम आम्हाला आश्चर्यच वाटले. आम्ही जाहिरात क्षेत्रातील तज्ज्ञ नाही की नामवंत साहित्यिक नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि पोटापाण्यासाठी गेली वीस-बावीस वर्षे बँकेत कारकुनी करतो आहोत. परंतु काउंटरमागे बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट रोज दिसते. वस्तू कशी विकली जाते आणि माणूस ती का घेतो, हे त्याला जवळून पाहायला मिळते. शिवाय वाचनाची आवड असल्यामुळे निर्मिती म्हणजे काय, याचाही थोडाफार विचार झालेला आहे. त्या बळावर चार शब्द मांडतो. त्यात काही उणे-अधिक झाल्यास आपण सांभाळून घ्याल अशी खात्री आहे.

प्रथम विषयातील तीन शब्द नीट समजून घेऊ. निर्मिती म्हणजे जे नव्हते ते घडवणे. जाहिरात म्हणजे जे आहे ते लोकांना कळवणे. आणि समाजमाध्यम म्हणजे ही दोन्ही कामे एकाच माणसाने, एकाच छोट्या पडद्यावर, एकाच वेळी करण्याची सोय. सोय चांगली आहे. परंतु या सोयीमुळे दोन कामांचा क्रम उलटा होऊ लागला आहे. पूर्वी आधी वस्तू तयार होई आणि मग तिची जाहिरात. आता आधी काय चालेल ते पाहायचे आणि मग तेवढेच घडवायचे, असे होऊ लागले आहे. आमचे आजचे सारे म्हणणे या क्रमाविषयी आहे.

जाहिरात ही काही आजची गोष्ट नाही. आठवड्याच्या बाजारात भाजीवाली हाळी देते ती जाहिरातच असते. गावात दवंडी पिटली जाई तीही जाहिरातच. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला गावकीत निरोप पोचवण्याचे आणि दवंडीचे काम होते. साऱ्या गावाची बातमी ज्याने ओरडून सांगायची, त्याची स्वतःची बातमी मात्र कोणी सांगत नव्हते. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. म्हणजे जाहिरातीचा दरवाजा केवळ पैशाने उघडत नव्हता. दरवाजावर माणूस उभा होता आणि आत कोणाला घ्यायचे ते तो ठरवत होता.

मग आपल्या लोकांनी काय केले? आपली वाट आपणच काढली. वामनदादा कर्डकांसारख्या कवी-गायकांची गाणी वस्त्यावस्त्यांतून, जलशांतून, कव्वालीच्या रात्रींतून पसरली. गाण्यांच्या छोट्या पुस्तिका जयंतीला आणि दीक्षाभूमीच्या मेळ्यात विकल्या गेल्या. पुढे कॅसेट आल्या, सीडी आल्या. त्या गाण्यांच्या मागे जाहिरात कंपनी नव्हती. एकाने ऐकले, दुसऱ्याला सांगितले, तिसऱ्याने पाठ केले. गाणे आधी होते आणि त्याची कीर्ती मागून आली.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे समाजमाध्यमांना सरसकट नावे ठेवता येत नाहीत. ज्यांना दरवाजावर अडवले गेले त्यांच्यासाठी हा दरवाजा उघडला, ही लहान गोष्ट नाही. २०१६ च्या उत्तरार्धात मोबाइलवरील इंटरनेट एकदम स्वस्त झाले आणि खेड्यातल्या मुलाचे गाणे, मुलीची कविता, एखाद्या सुताराची कारागिरी संपादकाच्या परवानगीशिवाय लोकांपर्यंत पोचू लागली. आमच्या पिढीने एक कविता छापून यावी म्हणून पोस्टाचे तिकीट लावून पाकीट पाठवायचे आणि सहा महिने वाट पाहायची, असे दिवस काढले आहेत. म्हणून मोबाइल फेकून द्या, असा उपदेश करायला आम्ही उभे नाही.

आता क्रमाचा मुद्दा. यासाठी एक उदाहरण घेऊ. दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढायचा होता. पैसा नव्हता आणि या देशात असे काही होऊ शकते यावर कोणाचा विश्वासही नव्हता. त्यांनी काय केले? एक वाटाणा कुंडीत पेरला आणि तो उगवून रोप वाढेपर्यंत रोज थोडे थोडे चित्रण केले. ते सलग दाखवले तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत रोप वर आले. ही फीत पाहून भांडवल देणारा माणूस मिळाला. स्वतःच्या विमा पॉलिसी त्यांनी गहाण टाकल्या, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. बँकेत काम करणाऱ्याला या तारणाची किंमत नेमकी कळते. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

पुढे हाच चित्रपट सुरतेला नेला तेव्हा प्रेक्षक फिरकेनात. सहा-सहा तासांचे नाटक पाहणाऱ्यांना दीड तासाच्या खेळाला तीन आणे जास्त वाटत होते. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली की सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ फक्त तीन आण्यांत! थिएटर भरले. आम्ही कारकून असल्यामुळे हा हिशेब तपासून पाहिल्याशिवाय राहवले नाही. या चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट सांगितली जाते. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. म्हणजे सत्तावन्न हजारांचा आकडा जवळजवळ बरोबर आहे, परंतु मैल मात्र एकसुद्धा पुरा भरत नाही! जाहिरात म्हटली की मैल वाढतात ते असे. पण त्या जाहिरातीच्या मागे खरोखर चित्रपट होता. आज लोकांना तो चित्रपट आठवतो आणि जाहिरात ही त्याची एक गंमतीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. हा योग्य क्रम होय.

दुसरे उदाहरण अमूलचे. लोण्याच्या जाहिरातीतील ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी आपण सर्वांनी पाहिली आहे. सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी ती १९६६ मध्ये निर्माण केली. जाहिरातीतसुद्धा अस्सल निर्मिती असू शकते याचा तो उत्तम पुरावा आहे. परंतु आणंदच्या शेतकऱ्यांचा सहकारी दूध संघ १९४६ चा आहे. म्हणजे दूध आधी आणि मुलगी वीस वर्षांनंतर.

मग आता हा क्रम का उलटला? याचे कारण समजण्यासाठी हे दुकान कोणाचे आहे ते पाहावे लागेल. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या तिन्हींची मालक असलेल्या मेटा कंपनीचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते. त्यातील सुमारे १३२ अब्ज डॉलर जाहिरातींतून आले. हा ताळेबंद वाचला की सर्व उलगडा होतो. आपण तिथे एक पैसाही देत नाही, कारण आपण तिथले गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक आहे जाहिरातदार आणि विकला जाणारा माल आहे आपले लक्ष. बँकेत खातेदाराची ठेव असते, ती बँक पुढे कर्जाऊ देते, पण त्या ठेवीवर खातेदाराला व्याज मिळते आणि मागितल्यावर ठेव परत मिळते. इथे आपण रोज तास-दोन तासांची ठेव ठेवतो. व्याज तर नाहीच, आणि मुद्दलही परत मिळत नाही.

माल जास्त विकायचा तर माणूस दुकानात जास्त वेळ थांबला पाहिजे. म्हणून सारी योजना तशी केलेली असते. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. ते आले की माणूस घडी घालून कामाला लागतो. मोबाइलच्या पडद्याला तळ नसतो. खाली सरकवत जा, नवे येतच राहते. ही युक्ती २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या तंत्रज्ञाने काढली आणि पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकवर अंगठ्याचे बटन आले. तेव्हापासून प्रत्येक गाण्याला, चित्राला, विचाराला आणि अगदी शोकसंदेशालाही आकडा चिकटला. ज्यावर नजर जास्त वेळ खिळते ते यंत्र आणखी लोकांना दाखवते. नजर कशावर खिळते? राग, अचंबा, सौंदर्य, भांडण यांवर. संथपणे समजणाऱ्या गोष्टीवर ती सहसा खिळत नाही.

समोर काय दाखवले जाते याचा मनावर परिणाम होतो का? जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने एक आठवडाभर ६,८९,००३ लोकांवर एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींच्या समोरील आनंदी मजकूर कमी केला, काहींच्या समोरील दुःखी मजकूर कमी केला. ज्यांना आनंदी मजकूर कमी दिसला त्यांचे स्वतःचे लेखनही किंचित उदास झाले. परिणाम फार लहान होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्या लाखो माणसांना आपल्यावर असा प्रयोग चालू आहे याची कल्पना नव्हती, ही गोष्ट लहान म्हणता येणार नाही.

आता हे सर्व आपल्या वसाहतीत आणून पाहू. आमच्या ओळखीतील एक मुलगी आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. पेन्सिलने माणसांचे चेहरे फार सुंदर काढते. तिने आपल्या आजीचे एक चित्र काढले होते. कपाळावरच्या सुरकुत्या, नाकातली मुरणी, हनुवटीवरचे गोंदण, सारे हुबेहूब. ते तिने इन्स्टाग्रामवर टाकले. अकरा लाइक आले. मग एका नटाचे चित्र टाकले, त्याला चारशे आले. तेव्हापासून तिने नट-नट्या आणि क्रिकेटपटूच काढले. काही महिन्यांनी तेही आकडे उतरले. उतरणारच, कारण तशी चित्रे काढणारे हजारो होते. शेवटी तिने पेन्सिलच बाजूला ठेवली. विचारले तर म्हणाली, “काका, माझ्यात तेवढं टॅलेंट नाही.”

मित्रहो, इथे नुकसान कोणाचे झाले? तिचे तर झालेच. परंतु आपल्या साऱ्यांचेच झाले. त्या नटाचे चित्र काढणारे देशभर आहेत. तिच्या आजीचे चित्र काढणारी जगात एकच व्यक्ती होती. आपल्या आया-आज्यांची छायाचित्रे फारशी नाहीत. लग्नातला एखादा समूह फोटो आणि रेशनकार्डावरचा फोटो एवढाच त्यांचा पुरावा. त्यांचे चेहरे ज्या हाताला साधत होते तो हात एका आकड्याने थांबवला. चित्र कमी पडले नव्हते. आकडा चित्राचा नव्हताच मुळी. किती लोकांसमोर ते ठेवले गेले आणि तेव्हा त्यांना दुसरी कोणती कामे होती, एवढाच त्या आकड्याचा अर्थ होता.

आम्ही तिला एवढेच सांगितले की तू ते चित्र प्रथम आजीला दाखव आणि मग शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना. सध्या ती रविवारी दुपारी वसाहतीतल्या वृद्धांची चित्रे काढते. इस्त्रीवाले काका तासभर हलले नाहीत म्हणे! पुढे काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही, पण पेन्सिल पुन्हा हातात आली आहे.

दुसरी गोष्ट विक्रीतील सचोटीची. अलीकडे बँकेच्या नोकरीतही विक्रीची लक्ष्ये आली आहेत. ठेव ठेवायला आलेल्या पेन्शनर बाईंना विमा गळ्यात बांधला गेल्याचे प्रसंग आम्ही या क्षेत्रात पाहिले आहेत. त्यांना वाटते, पैसे एकदाच भरायचे. वर्षाने पुन्हा हप्त्याची मागणी आली की त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन येतात. माहितीपत्रकात सर्व लिहिलेले असते. फक्त फायदा मोठ्या अक्षरात आणि अट बारीक अक्षरात. जाहिरात वाचण्याची आमची एक साधी रीत आहे. बारीक अक्षरे आधी वाचावीत. आणि विकणाऱ्याने अट आधी सांगावी, फायदा नंतर. असे केल्याने कधी गिऱ्हाईक जाते, पण जे राहते ते पुन्हा येते.

सर्वांत धोक्याची जाहिरात ती, जी जाहिरात म्हणून ओळखूच येत नाही. १९२९ मध्ये न्यूयॉर्क शहरात ईस्टरच्या मिरवणुकीत काही तरुण स्त्रियांनी सर्वांसमोर सिगारेटी पेटवल्या. वर्तमानपत्रांनी स्त्रीस्वातंत्र्याची बातमी म्हणून ती छापली. प्रत्यक्षात एका सिगारेट कंपनीसाठी एडवर्ड बर्नेज या प्रचारतज्ज्ञाने तो सारा देखावा रचला होता. स्वातंत्र्याचा शब्द घेतला आणि त्याला तंबाखू बांधला. आज रीलमध्ये एखादा तरुण आपल्या ‘रोजच्या जीवनात’ हसतहसत एखादे क्रीम, एखादे ॲप, एखादी गुंतवणूक सुचवतो, तेव्हा तोच जुना खेळ चालू असू शकतो.

याबाबत आपल्या देशात काही नियम झाले आहेत, ते विद्यार्थ्यांनी माहीत करून घ्यावेत. पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात आहे असे स्पष्ट लिहावे, असे मार्गदर्शक नियम जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये केले. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली फसव्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. तेव्हा दोन-चार हजारांसाठी कोणी अशा ॲपची जाहिरात करायला सांगितले तर हात जोडून नकार द्यावा. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे घालवणारा बहुधा तुमचाच शेजारी असतो. आणि कोणाची अशी फसवणूक झालीच तर लाजून घरात बसू नये, ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसा पुढे सरकण्याआधी खबर गेली तर तो अडवता येण्याची शक्यता असते.

कोणी म्हणेल, आमच्या मुलांना मार्केटिंगमध्ये नोकऱ्या मिळत आहेत आणि तुम्ही हे काय सांगता? आमचे उत्तर असे की मार्केटिंग अवश्य शिका. आपल्या समाजात ते शिकलेली माणसे कमीच आहेत. घरी लोणची-पापड करणाऱ्या बचत गटाच्या भगिनींना चांगले लेबल, योग्य किंमत आणि सरळ शब्दांतली माहिती करून देणारे कोणी हवे आहे. आपल्या कवींच्या पुस्तकांचे गठ्ठे कॉटखाली पडून राहतात, ते वाचकांपर्यंत नेणारे कोणी हवे आहे. ही खरीखुरी निर्मिती आहे. फक्त लोणचे आधी मुरू द्या.

शेवटी विद्यार्थी मित्रांना चार सूचना करतो.

१. निर्मितीचा वेळ आणि प्रसिद्धीचा वेळ वेगळा ठेवा. आमच्याकडे रोकड मोजताना कोणी बोलत नाही. लिहिताना, गाताना, चित्र काढताना मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा. दुसरी खोली नसेल तर आईच्या ताब्यात असावा.

२. पहिला वाचक, पहिला श्रोता समोरचा असू द्या. आपले वाचनालय दर रविवारी उघडे असते. तिथे दहा माणसांपुढे वाचून दाखवा. दहा माणसांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते दहा हजार अंगठ्यांत दिसत नाही. कुठे कंटाळले, कुठे डोळे भरले, हे तिथेच समजते.

३. इन्स्टाग्रामवर लाइकचा आकडा झाकून ठेवण्याची सोय २०२१ मध्ये सर्वांना देण्यात आली. तिचा उपयोग करून पाहा. तपमान रोज मोजल्याने ताप उतरत नाही.

४. महिन्याचा हिशेब मांडा. एका बाजूला दुसऱ्याचे पाहण्यात गेलेले तास लिहा, दुसऱ्या बाजूला स्वतः काही घडवण्यात गेलेले. मोबाइलमध्येच पहिला आकडा मिळतो. दुसरा आपला आपण लिहायचा. वहीत नावे बाजू किती वाढली ते पाहिले म्हणजे कोणी उपदेश करण्याची गरज राहत नाही.

बंधू-भगिनींनो, ज्यांचा आवाज शतकानुशतके दाबला गेला त्यांच्या हातात आज आवाज पोचवणारे यंत्र आले आहे. ते यंत्र आपल्याला काय बोलायचे तेही सांगू लागले, तर दवंडीवाला पुन्हा दुसऱ्याचीच दवंडी पिटत राहील. ते होऊ नये म्हणून बोलण्यासारखे काही आधी आपल्याजवळ असले पाहिजे. ते वाचनातून येते, निरीक्षणातून येते, घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून येते आणि पुष्कळ वेळा काही न येता तास वाया गेल्यावर येते. तेवढा धीर तुमच्यात यावा, अशी आम्ही सदिच्छा व्यक्त करतो.